बाबांच्या रिपोर्टवरचा ४४

पत्र :

मॅडम, मी २३ वर्षांची आहे, राजारामपुरीत राहते. यंदा शिवाजी विद्यापीठातून बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. झाले. बाबा ४९ वर्षांचे, साखर कारखान्यात कामाला होते. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांचे हातपाय आपोआप हलायला लागले, चालताना झोक जायला लागला, चिडचिड वाढली. कारखान्यात लोक म्हणायचे, पिऊन येतो. बाबांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. तीन वर्षांपूर्वी मिरजेच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि हंटिंग्टन निघाला, मेंदूचा, पिढ्यान्‌पिढ्या येणारा आजार. रिपोर्टवर ४४ आकडा आहे. आजोबाही असेच गेले. गावात म्हणायचे, वारं लागलंय.

मला याच आजाराच्या जेनेटिक्समध्ये पीएच.डी. करायची आहे. आई म्हणते, “ह्यांचं करता करता आमचं कंबरडं मोडलंय, आणि तू जाऊन त्यातच बसणार व्हय?” मामा म्हणतो, बँकेची परीक्षा दे. त्यात इचलकरंजीच्या आत्यानं तिच्या मुलासाठी मला मागणी घातली आहे. आईला ते पटतंय. घरातल्या घरात राहील, बाहेर बोभाटा होणार नाही म्हणते. मी माझी टेस्ट केलेली नाही. आधी टेस्ट करू की आधी पीएच.डी.? मला निघालाच आजार तर एवढं शिकून उपयोग काय? आणि नाही निघाला तर बाबांना असं सोडून बेंगळुरूला जाणं बरोबर होईल का?

— एक वाचक

उत्तर :

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पीएच.डी.पाशीच अडकले. तीस वर्षं कॉलेजात जेनेटिक्स शिकवलं, त्यामुळे तो शब्द दिसला की बाकीचं धूसर होतं. दुसऱ्यांदा वाचताना इचलकरंजीपाशी आले आणि हातातला चहा खाली ठेवला. म्हणून आधी तेच.

आत्या म्हणजे बाबांची सख्खी बहीण, आणि आजार आला तो आजोबांकडून, असं तुझ्या पत्रावरून दिसतंय. मग जे नाणं बाबांसाठी उडालं तेच आत्यांसाठीही उडालं होतं. छापा की काटा, ५० टक्के. त्यांचं वय तू लिहिलेलं नाहीस. बाबांपेक्षा मोठ्या असतील आणि अजून ठणठणीत असतील तर शक्यता थोडी कमी धरता येते, पण शून्य धरता येत नाही. काहींना हा आजार साठीनंतर दिसायला लागतो. त्यांच्या मुलाची शक्यता त्यांच्या निम्मी. म्हणजे बोभाटा टाळायच्या नादात ज्या दोघांची गाठ मारायचं चाललंय, त्या दोघांच्याही डोक्यावर एकच तलवार टांगलेली आहे आणि त्या मुलाला बहुधा ती दिसतही नाही.

आपल्या कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात मामाची मुलगी करणं ही जुनी रीत. डॉक्टर त्याला नको म्हणतात त्याचं कारण वेगळं असतं. काही आजारांना आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन बिघडलेल्या प्रती लागतात, आणि नात्यात लग्न झालं की त्या जुळायची शक्यता वाढते. हंटिंग्टनला एकच प्रत पुरते. तुम्हा दोघांकडेही ती असली, तर होणाऱ्या मुलाला आजार येण्याची शक्यता ७५ टक्के. तुझ्या आईला हे आकडे कुणी सांगितलेले नाहीत, म्हणून तिच्यावर रागावू नकोस. तिनं तिच्या परीनं पोरीला झाकायचा प्रयत्न केला आहे. पण हे स्थळ या आठवड्यात थांबव. ‘मला अजून शिकायचंय’ एवढं कारण सध्या पुरेसं आहे. खरं कारण सांगायची वेळ आणि रीत वेगळी असते, त्यावर शेवटी येते.

आता टेस्ट. तू टेस्ट आणि पीएच.डी. एका दाव्याला बांधलीस. ती गाठ सोड.

तू बायोटेकची आहेस, तुला हे पाठ असेल, पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिते. चौथ्या गुणसूत्रावर हंटिंग्टिन नावाच्या प्रथिनाचं जनुक असतं. त्यात सुरुवातीलाच सी-ए-जी ही तीन अक्षरं जपासारखी पुन्हा पुन्हा येतात. ती सगळ्यांमध्येच येतात, माझ्यातही. २६ वेळा किंवा त्याहून कमी आली तर नेहमीचंच. २७ ते ३५ असतील तर त्या माणसाला काही होत नाही, पुढच्या पिढीत आकडा वाढायची थोडी शक्यता असते. ३६ ते ३९ ला होईल किंवा नाही होणार. ४० आणि पुढं गेलं की माणूस पुरेसा जगला तर आजार येतोच. बाबांचा ४४ हा त्या जपाचा आकडा. आकडा मोठा तितकं वय लवकर, हे ढोबळमानानं खरं, पण एकच आकडा असलेल्या दोन माणसांत दहा-पंधरा वर्षांचा फरकही पडतो. आणखी एक गोष्ट, जी तुझ्यापासून लपवणार नाही : बापाकडून मुलात जाताना हा आकडा कधीकधी वाढतो. म्हणून आजार असलाच तर बाबांसारखाच पंचेचाळिशीच्या आसपास येईल, असं गृहीत धरू नकोस. तो आलाच नसेल, ही शक्यताही तेवढीच आहे.

हे टेस्ट न करण्याचं कारण झालं का? नाही. करण्याचंही नाही. लक्षणं नसलेल्या माणसाची ही टेस्ट हा जगभर काळजीनं हाताळला जाणारा विषय आहे. त्यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम १९९४ मध्येच छापले गेले. आधी समुपदेशन, मग मेंदूच्या डॉक्टरांची तपासणी, मनाची तयारी आहे का याची चौकशी, मग रक्त, आणि निकाल समोरासमोर, सोबत आपलं माणूस. मधल्या कुठल्याही पायरीवर ‘नको’ म्हणायची मुभा. अगदी रिपोर्ट तयार होऊन पाकिटात पडलेला असला तरीही. अठरा वर्षांच्या आतल्या निरोगी मुलांची टेस्ट करत नाहीत. ज्या देशांत ही सोय तीस-पस्तीस वर्षं आहे, तिथंही धोका असलेल्या पाचजणांतला जेमतेम एक, कित्येक ठिकाणी त्याहून कमी, टेस्ट करून घेतात. बाकीचे भित्रे आहेत असं समजू नकोस. उपचार हातात नसताना उत्तर घेऊन काय करायचं, हा त्यांचा साधा हिशेब आहे. ज्यांना मूल हवंय, ज्यांना अनिश्चितताच जास्त छळते, त्यांचा हिशेब वेगळा निघतो. तुझा तू काढ.

फक्त एक करू नकोस. मोबाइलवर ऑर्डर देऊन घरी रक्त न्यायला माणूस बोलवायचा आणि निकाल ईमेलवर घ्यायचा, असलं काही या आजारात नको. बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या (मेंदू आणि मनाच्या आजारांची संस्था) ठिकाणी किंवा मुंबई-पुण्यातल्या जेनेटिक्स विभागात समुपदेशकाशी आधी बोल. बोलणं म्हणजे टेस्ट नव्हे.

आणि बायोटेकच्या मुलीला म्हणून एक जास्तीची ताकीद. लॅबमध्ये पीसीआर (डीएनएचा तुकडा वाढवून तपासायची पद्धत) बसवताना ‘नॉर्मल कंट्रोल’, म्हणजे तुलनेसाठी निरोगी नमुना, लागतो आणि तो हटकून विद्यार्थ्यांच्याच दंडातून येतो. नवीन आलेल्या पोरीला कोण विचारतं? मी पंचविशीत असताना एका लॅबमध्ये (नाव सांगत नाही, माणसं अजून भेटतात) थॅलेसेमियाच्या कामासाठी असंच हसत हसत रक्त दिलं. जेलवर, म्हणजे नमुन्यांचे पट्टे दाखवणाऱ्या थरावर, सगळ्यांसमोर माझाच ‘नॉर्मल’ पट्टा वाकडा निघाला. मी थॅलेसेमिया मायनर होते, म्हणजे रक्ताच्या त्या आजाराची नुसती वाहक. दुपारच्या डब्याच्या वेळेपर्यंत ही बातमी स्टोअरकीपरलाही कळली होती. माझं त्यात फार बिघडलं नाही, नवऱ्याचं रक्त तेवढं तपासून घेतलं, झालं. तुझ्या बाबतीत तोच प्रकार सीएजीच्या जेलवर झाला, तर ज्या प्रश्नाचं उत्तर घ्यायचं की नाही हे तू वर्षभर ठरवत होतीस, ते कुणा सीनियरच्या तोंडून बाकावर मिळेल. तेव्हा हंटिंग्टनच्या लॅबमध्ये गेलीसच, तर पहिल्या दिवशी गाइडला एकांतात सांग : माझं रक्त, माझी लाळ, माझा डीएनए या लॅबमध्ये कशालाही वापरायचा नाही. कारण द्यायची गरज नाही. शहाणा गाइड विचारणारही नाही. विचारलंच आणि हट्ट धरला, तर गाइड बदल.

आता ‘मला निघालाच तर शिकून उपयोग काय’ या वाक्याकडे. यावर मी उपदेश करणार नाही, एका बाईची हकिकत सांगते. नॅन्सी वेक्सलर तिचं नाव, अमेरिकन, जन्म १९४५. ती साधारण तुझ्याच वयाची होती तेव्हा, १९६८ मध्ये, तिच्या आईला हंटिंग्टन असल्याचं कळलं. तिच्या आईला म्हणे रस्ता ओलांडताना एका पोलिसानं हटकलं होतं, सकाळी सकाळी पिऊन फिरतेस का म्हणून. तुझ्या बाबांचा कारखाना मला इथं आठवला. नॅन्सी शिकली मानसशास्त्र, जेनेटिक्स नव्हे. १९७४ मध्ये त्यातच पीएच.डी. केली. आणि त्याच दशकाच्या शेवटी ती व्हेनेझुएलातल्या माराकायबो सरोवराकाठच्या वस्त्यांत जाऊन पोहोचली, कारण तिथल्या कोळ्यांच्या घराघरात हा आजार होता. पाण्यात खांबांवर उभी असलेली घरं, एकेका बाईला दहा-बारा मुलं, आणि दर पिढीत ‘तसा’ चालणारा कुणी ना कुणी. वर्षानुवर्षं जाऊन तिनं आणि तिच्या सोबतच्यांनी १८ हजारांहून जास्त माणसांची वंशावळ मांडली, ४ हजारांहून जास्त जणांचं रक्त जमवलं. लोक रक्त देईनात तेव्हा तिनं सांगितलं की माझ्या आईलाही हेच होतं, मलाही होऊ शकतं, मीही माझा नमुना दिलाय.

त्या रक्तातून जेम्स गुसेला यांच्या लॅबनं १९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावरची, जनुक इथंच जवळ आहे असं सांगणारी खूण शोधली. शोध कित्येक वर्षं चालेल असं धरून बसले होते, आणि पहिल्या डझनभर खुणांतच गवसली. लॉटरीच म्हण. सगळे म्हणाले आता जनुक दोन पावलांवर. ती दोन पावलं टाकायला सहा संशोधन गटांना दहा वर्षं लागली. जनुक हाती आलं १९९३ मध्ये. जेनेटिक्समध्ये उतरणाऱ्या प्रत्येकाला मी हे दोन आकडे सांगते, १९८३ आणि १९९३. मधली दहा वर्षं कुणी कशी काढली असतील याचा विचार कर, पीएच.डी. म्हणजे काय हे कळेल.

आणि नॅन्सीनं स्वतःची टेस्ट केली? जिच्या कामामुळे ती टेस्ट शक्य झाली तिनं ती करायची नाही असंच ठरवलं. २०२० मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीला पोहोचता पोहोचता, तिनं जाहीर केलं की आजार तिलाही झाला आहे. तिची चाल, बोलणं पाहणाऱ्यांना ते आधीच कळलं होतं. तोवर तिची चाळीस वर्षांची कारकीर्द झालेली होती. उपयोग काय, हे तिला विचारायची माझी तरी छाती नाही.

या कहाणीला एक बोचरी बाजूही आहे, ती विसरू नकोस. ज्या कोळ्यांच्या रक्तातून जगाला जनुक मिळालं, त्यांच्या वस्त्यांत नंतरही गरिबी आणि आजार दोन्ही राहिले. उद्या तू कुणाच्या अंगणात बसून वंशावळ काढशील, तेव्हा त्या घराला परत काय देणार हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर असू दे. तुला तो इतरांपेक्षा लवकर समजेल, कारण तू त्या अंगणातलीच आहेस.

पीएच.डी. करू का? कर. पण कशासाठी, यावर माझं तुझ्याशी भांडण आहे. तुझ्या पत्रात ओळीओळीमागे ‘बाबांसाठी’ वाचू येतं. बाबांना वाचवायला पीएच.डी. करू नकोस. त्यांच्या आजाराचा वेग आणि संशोधनाचा वेग यांची शर्यत लावलीस तर रोज संध्याकाळी लॅबमधून हरून बाहेर पडशील. २०२१ मध्ये या आजारावरच्या एका औषधाची मोठी चाचणी मधेच थांबवली गेली, जगभरच्या कुटुंबांनी त्यावर जीव टांगलेला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये जीन थेरपीच्या एका छोट्या चाचणीत तीन वर्षांत आजार बराच मंदावल्याचं जाहीर झालं. चांगली बातमी आहे, पण मोजके रुग्ण आणि मेंदूवर तासन्‌तास चालणारी शस्त्रक्रिया. ती इचलकरंजी नाक्यावर मिळायला वेळ आहे. बाबांसाठी जे करायचं ते आजच करता येण्यासारखं आहे आणि त्याला पीएच.डी. लागत नाही. हालचालींसाठी टेट्राबेनाझिन हे औषध आपल्याकडे मिळतं, ते चालू आहे का विचार, आणि त्यानं मन उदास होत नाही ना याकडे लक्ष ठेवायला सांग. गिळताना ठसका लागतो का बघ. अशा माणसांचं वजन भराभर उतरतं, त्यांना खायला जास्त लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दीर्घकालीन चेताविकार धरलेले आहेत, कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जाऊन यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्राची चौकशी कर. कारखान्याच्या देण्याघेण्यात ‘पिऊन येतो’ असा शेरा कुठं राहिला असेल, तर त्या रिपोर्टच्या आधारे तो खोडून घ्या.

पीएच.डी. करायची ती प्रश्न आवडला म्हणून. आणि प्रश्न तर असा आहे की माझं वय चाळीसनं कमी असतं तर मी तुझ्या आधी फॉर्म भरला असता. बघ. तो ४४ चा जप जन्मापासून प्रत्येक पेशीत असतो. मग माणूस चाळीस वर्षं चांगला कसा राहतो? २०१५ मध्ये सुमारे ४ हजार रुग्णांचे जीनोम चाळून असं दिसलं की आजार कधी सुरू होणार यावर डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या जनुकांचा हात आहे, फॅन-वन हे त्यातलं एक. फारसं कुणाच्या मनात नव्हतं अशा ठिकाणी बोट गेलं. आणि जानेवारी २०२५ मध्ये मरणोत्तर दान केलेल्या मेंदूंच्या अभ्यासातून दिसलं की मेंदूच्या खोल भागातल्या ठरावीक पेशींमध्ये हा जप आयुष्यभर लांबत जातो. ऐंशीपर्यंत पोहोचायला दशकं लागतात, मग एकदम वेग घेतो, आणि दीडशेच्या वर गेल्यावर ती पेशी मोडायला लागते. म्हणजे रक्तातला आकडा ही फक्त सुरुवात. दुरुस्ती करणारा गवंडीच भिंत वाढवत बसलाय. त्याचा हात थोडा आवरता आला तर? या ‘तर’वर सध्या जगभर माणसं कामाला लागली आहेत. हे वाचून पोटात काहीतरी हललं असेल तर तू या कामाची आहेस. फक्त रडू आलं असेल तर एक वर्ष थांब.

आणि हंटिंग्टनच हवा असा हट्ट नको. मला तर वाटतं, पीएच.डी.साठी शेजारचा आजार घ्यावा आणि हंटिंग्टन पोस्टडॉकला, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाला, ठेवावा. रोज सकाळी बाबांचा आजार सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि रात्री फोनवर त्यांचा आवाज ऐकायचा, हे भल्याभल्यांना जड जाईल. शेजारी भरपूर आहे. एससीए-१२ हा तोल आणि हालचाली बिघडवणारा आनुवंशिक आजार घे : १९९९ मध्ये जर्मन वंशाच्या एका अमेरिकन कुटुंबात सापडला आणि मग बघता बघता तो भारतात, विशेषतः उत्तरेतल्या अग्रवाल समाजात, किती तरी घरांत असल्याचं दिल्लीच्या एम्स आणि आयजीआयबी या जीनोम-संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं. तोही सीएजीचाच जप, दुसऱ्या जनुकातला. सुरुवात हात थरथरण्यानं होते, म्हणून लोक पार्किन्सन समजतात. किंवा गरम पाण्याचं फेफरं. डोक्यावर कढत पाणी ओतलं की झटका येतो. जगात क्वचित, पण आपल्या शेजारच्या कर्नाटकात पुष्कळ. निम्हान्सनं त्यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि बेंगळुरूच्याच जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये त्याच्या जनुकांचा माग काढला गेला. बंबातल्या वाफाळत्या पाण्यानं डोक्यावरून अंघोळ करणाऱ्या आपल्या भागात अशी किती घरं ‘देवीचं आहे’ म्हणून गप्प बसली असतील, असं मला नेहमी वाटतं. ते शोधायला कोल्हापूरची, घरात शिरून चहा पिणारी पोरगीच लागेल.

पैशाचं आईला सांग, तिला ते हवंय. सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरला. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, नंतर ४२ हजार, वर घरभाडं वेगळं. बँकेतल्या नव्या क्लार्कसमोर तुला लाजायचं कारण नाही. एनसीबीएस-टीआयएफआर या बेंगळुरूच्या जीवशास्त्र संशोधन केंद्रासाठी जेगीबिल्स ही परीक्षा, निम्हान्सची स्वतःची प्रवेश परीक्षा. मामाला सांग की यातल्या कुठल्याही परीक्षेला बँकेच्या परीक्षेपेक्षा कमी अभ्यास लागत नाही, त्याची समजूत तेवढ्यानं पटेल. हे मी थोडं चिडूनच लिहितेय. जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापुरातला, १९३८ चा, हे आपण व्यासपीठावरून छाती फुगवून सांगतो. आणि घरात कुणी संशोधनाचं नाव काढलं की पेपरातली बँकेची जाहिरात कापून पुढं ठेवतो.

एक वर्ष आधी कुठल्या तरी लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काढलंस तर उत्तम. काम बरंचसं कंटाळवाणं असतं हे तिथं कळेल. नळ्यांवर नावं घाल, पीसीआर फसला, पुन्हा लाव, संमतिपत्रांची फाइल शोध. आणि निम्मं काम आता संगणकावर असतं, तेव्हा संख्याशास्त्र आणि पायथॉन ही संगणकाची भाषा या सुट्टीतच सुरू कर. तुझं इंग्रजी बोलणं अडखळत असेल म्हणून घाबरत असशील तर सोडून दे, पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यांचं अडखळतं. मुलाखतीत ‘हाच विषय का’ विचारतील. घरची गोष्ट सांगायलाच हवी असं नाही. डीएनए-दुरुस्तीचं वर लिहिलंय, ते आवडलं असेल तर तेच खरं कारण आहे.

बाबांना सोडून जाण्याबद्दल. मिरजेहून एका रात्रीत बेंगळुरूला पोहोचवणारी गाडी आहे. अमेरिकेचं नाव काढलं असतंस तर मी वेगळं बोलले असते. पण पाच वर्षं हा या आजारात मोठा काळ आहे आणि तू परत येशील तेव्हा बाबा आजच्यासारखे नसतील, हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. तुझ्या जाण्यानं सगळा भार आईवर पडतो आणि तिचं ‘कंबरडं मोडलंय’ हे नुसतं बोलणं नाही. तेव्हा जाण्याआधी घरात दिवसाचे चार तास येणारं एक माणूस बघ. तुझ्या फेलोशिपमधून त्याचा पगार जाईल असं आत्ताच ठरव आणि आईला तसं सांग. ती विरोध करेल, मग हळूच विचारेल की बाई चांगली आहे का.

आता आत्या. त्यांना कळलं पाहिजे, त्यांच्या मुलाला कळलं पाहिजे, त्याच्यासाठी दुसरं स्थळ बघायच्या आत कळलं पाहिजे. पण रिपोर्ट तुझा नाही, आईचाही नाही. आणि तुझ्या पत्रात एक गोष्ट मला तिसऱ्या वाचनात दिसली. आई काय म्हणते ते आहे, मामा काय म्हणतो ते आहे, आत्याची मागणी आहे, कारखान्यातले लोक काय म्हणायचे तेही आहे. बाबा काय म्हणतात ते कुठंच नाही. तुझ्या पीएच.डी.बद्दल, लग्नाबद्दल, त्यांच्या बहिणीला त्यांचा आजार सांगायचा की नाही याबद्दल, त्यांना कुणी विचारलंय का?

या आजारात बोलणं मंद होतं, जीभ जड होते, पण समोरचं बरंचसं कळत असतं. लोक दोन सेकंद थांबतात आणि उत्तर आलं नाही की आईकडे वळतात. तू टीव्ही बंद कर, त्यांच्यासमोर स्टुलावर बस, एका वेळी एकच प्रश्न विचार, आणि गप्प राहा. मिनिटभर लागेल, कदाचित दोन. मधे आईला बोलू देऊ नकोस.